शंभरपैकी

विद्यापीठाचा फॉर्म चार पानी.
वीस रकाने, प्रत्येकी पाच गुण,
खाली शेरा, सही.
सव्वीस वर्षं मी पोरं पळवली, आता निवृत्त,
म्हणून हे काम माझ्याकडे आलं:
कॉलेजांच्या फुटबॉल संघांची तयारी तपासायची,
पायात बळ किती, छातीत दम किती,
आणि तो कुणी घडवला.

वसमतला पोचलो तेव्हा सकाळचे साडेसहा.
मैदानाला एका बाजूनं तार, तीन बाजूंनी बाभळी,
वाऱ्याला कच्च्या हळदीचा वास.
मोंढा जवळच.

प्राचार्यांनी आधी जिम दाखवली.
दोन मशीनं, अजून प्लास्टिकात,
एकीवर हार, वाळून काड्या झालेला.
"उद्घाटन झालंय," ते म्हणाले.
रकाना तीन, साधनसामग्री: पाचपैकी पाच.
आहे की नाही, एवढंच विचारतो फॉर्म.

बाहेर बाबाराव खिल्लारे,
ट्रेनर, तासिका तत्त्वावर,
गळ्यात शिट्टी, पायात स्लीपर.
ट्रॅक्टरचं टायर, वाळू भरलेल्या खताच्या गोण्या,
चुन्यानं आखलेले वीस मीटर.
पोरं पळाली, वळली, पळाली,
मोबाइलमधली टुंग जवळ जवळ येत गेली.
गोलकीपर अंगद लवकर बसला, तोंड पाडून.
मुजम्मिल अकराव्या पातळीला.
पुरभाजी डाखोरे तेराव्यातही पळतच होता,
उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली.

नखं पिवळी. मी विचारलं.
"रात्री मोंढ्यात असतो सर. हळदीचे कट्टे."
किती?
"आवक असंल तसं."

पेन तिथं अडलं.
रकाना सात, बलवर्धन: आठवड्यातून किती दिवस?
हे बळ कुणाच्या नावावर मांडू,
कॉलेजच्या, खिल्लारेच्या, का आडत्याच्या?
पोरगं मुळात दणकट असलं
की आपण म्हणतो, आम्ही घडवलं.
मीही म्हणालो होतो,
सत्त्याण्णव साली, पेपरात, एका फोटोखाली.

खिल्लारेनं पिशवीतून वही काढली.
दोनशे पानी, कव्हरावर कसल्याशा बियाण्याची जाहिरात.

सोमवार. पुरभाजी, १४० कट्टे. आज बैठका नाहीत.
मंगळवार. मुजम्मिल, वेल्डिंग, रात्री दोनपर्यंत. फक्त चालणं.
बुधवार. अंगद, आईला घेऊन नांदेड, दवाखाना. झोप नाही. घरी पाठवला.
गुरुवार. आवक बंद. सगळ्यांना टायर!

पानामागून पान असंच.
करून घेतल्याच्या नोंदी कमी,
थांबवल्याच्याच जास्त.

हे कुठं शिकलात?
"शिकायला कोण शिकवतंय सर. मोडलो."
त्यानं पँटचा पाय वर घेतला.
गुडघ्यावर वीतभर जुना व्रण.
"आमचे सर म्हणायचे, अजून एक फेरी."

अजून एक फेरी.
मी किती जणांना म्हणालो असेन,
ते कुठल्याच वहीत नाही.

मग हट्टानं पूर्ण सामना लावला, नव्वद मिनिटं.
कारण दंड कितीही फुगवून दाखवा,
खरं कळतं ते ऐंशीव्या मिनिटाला:
हात गुडघ्यांवर कुणाचे जातात.
तिघांचे गेले.
बाकीची पोरं उभी होती,
एकमेकांना नावानं हाका मारत होती,
आणि हाकेएवढा श्वास उरला होता त्यांच्यात.
पुरभाजीला मात्र खिल्लारेनं साठाव्यालाच बाहेर घेतलं.
मी कारण विचारलं नाही.
कडेला बसून तो पाणी पीत होता,
लहान लहान घोट.

चहा आला. बिस्किटं आली.
प्राचार्य फॉर्मात डोकावत होते.
मी रकाना तीनचे पाच खोडले, एक लिहिला.
बेरीज एकसष्ट.
वहीसाठी रकाना नव्हता.

शेऱ्याच्या जागेत जेमतेम तीन ओळी मावतात.
मी वही समोर धरली आणि उतरवू लागलो,
सोमवार, पुरभाजी, एकशे चाळीस कट्टे,
बारीक, अजून बारीक अक्षरात.
बुधवारीच जागा संपली.
सही करायला पान उलटावं लागलं.